टोळीच्या पुढे टॅन्सी

रविवार, २ मार्च १९८६. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. यंदा जे घडणार आहे त्याची नोंद घडता घडताच झालेली बरी. मागाहून लोक आठवणी रंगवून सांगतात.

संकल्प एकच. ऑक्टोबरपर्यंत आमची टॅन्सी या दरीतली पहिल्या नंबरची शर्यतीची हाउंड कुत्री झालेली असेल, आणि ‘डेल मेसेंजर’मध्ये माझ्या नावाबरोबर ते तीन शब्द छापून आलेले असतील: लीडिंग द पॅक.

खात्रीसाठी शब्दकोश काढून पाहिला. पॅक म्हणजे शिकारी कुत्र्यांची टोळी. तिच्या पुढे जो धावतो, तो टोळी लीड करतो. त्यावरून कुठल्याही बाबतीत जो सगळ्यांत पुढे, त्याच्याबद्दल हे म्हणायचं. हल्ली बिस्किटं विकणारेसुद्धा स्वतःबद्दल म्हणतात. चीड येते. निदान आम्ही डोंगरातल्या लोकांनी तरी हे शब्द जपून वापरायला हवेत. आमच्याकडे अजून खरी टोळी आहे आणि खरी कुत्री आहेत.

कौन्सिलच्या रस्ते खात्यात बावीस वर्षं उपप्रमुख होतो. त्या काळात तीन प्रमुख आले आणि गेले. तिघांनाही खडीचे प्रकार मी शिकवले. असो. त्या विषयावर इथे लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

टॅन्सी दोन वर्षांची. पांढरी, पाठीवर तपकिरी डाग, अंगाने काटकुळी, डोळे शहाणे. माझ्यावर फार जीव. मी खोलीत आलो की उठून उभी राहते. माझी बायको डोरीन म्हणते, तू तिच्या खुर्चीवर बसतोस म्हणून उठते.

गुरुवार, ६ मार्च

हाउंड असोसिएशनचा नोंदणीचा फॉर्म आला. डोरीनला म्हटलं, भरून टाक. कारकुनी कामात माझा वेळ जायला नको.

संध्याकाळी तिला खेळ नीट समजावून सांगितला. बडीशेपेचं तेल आणि रॉकेल यांत भिजवलेली चिंधी दोन माणसं डोंगरावरून दहा मैल ओढत नेतात. त्या वासावर हाउंड सोडतात. अर्ध्या तासाने ती परत येतात. शेवटच्या कुरणात दोरी बांधलेली असते, तिच्यामागे मालक उभे. प्रत्येकाच्या हातात खाण्याचा वाडगा. शिट्ट्या, हाका. दोरी आधी ओलांडेल ती जिंकली.

डोरीनने विणकाम न थांबवता सगळं ऐकून घेतलं. तिच्या वडिलांकडे चाळीस वर्षं हाउंड होते. पण ते सगळं जुन्या पद्धतीचं.

सोमवार, १० मार्च

वेळापत्रक तयार. लाल आणि निळ्या शाईत. सकाळी साडेपाचला उठणे, टॅन्सीला आठ मैल डोंगरावर चालवणे, साडेआठला नाश्ता. रोज. सुट्टी नाही.

मंगळवार, ११ मार्च

गेलो. दुसऱ्या फाटकापर्यंत. गुडघा.

बुधवार, १२ मार्च

पाऊस. शिवाय गुडघा.

गुरुवार, १३ मार्च

डोरीन तिला घेऊन गेली. नाहीतरी ती लवकर उठतेच. वेळापत्रकात फक्त एक नाव बदलावं लागलं, बाकी सगळं तसंच आहे. योजना चांगली असल्याची हीच खूण.

शुक्रवार, १४ मार्च

खुराक. या खेळातलं खरं गुपित खुराकात असतं. प्रत्येक मालक आपापली कृती बापाकडून घेतो आणि मुलाला देतो, मध्ये कुणाला सांगत नाही. माझ्या बापाकडे ससेसुद्धा नव्हते, त्यामुळे मी स्वतः संशोधन केलं. अंडी, मध, ओट्स, मेंढीची चरबी, शेरी वाइनमध्ये भिजवलेले बेदाणे. प्रमाण इथे लिहीत नाही. कागद घड्याळाच्या मागे ठेवला आहे.

डोरीनने विचारलं, शिजवायचं कुणी. म्हटलं, कृती माझी आहे.

रविवार, २३ मार्च

जॉस फ्लेमिंग आला होता. ओढ्यापलीकडचं शेत त्याचं. आम्ही पाचव्या वर्षापासून एका बाकावर बसलो, लग्नात तो माझ्या शेजारी उभा होता. जानेवारीत त्याची म्हातारी हाउंड गेली, तेव्हापासून त्याचं कशात लक्ष नाही. दुसरं कुत्रं घेत नाही. म्हणतो, आता कुणासाठी उठायचं पहाटे.

मला एक कल्पना सुचली. म्हटलं, डोरीनबरोबर जात जा सकाळी, फाटकं उघडायला. तो लगेच हो म्हणाला. माणसं वापरून घ्यायची कला रस्ते खात्यात शिकलो.

शनिवार, ५ एप्रिल. संध्याकाळ.

हंगामाची पहिली ट्रेल, म्हणजे वासावरची शर्यत. तेवीस हाउंड. टॅन्सी चौदावी.

कुरणात मी वाडगा हलवत होतो. डोरीन शेजारी उभी राहून तोंडात दोन बोटं घालून शीळ वाजवत होती. पंचावन्न वर्षांच्या बाईने. पण त्या गोंगाटात खपून गेलं.

जॉस म्हणाला, वाईट नाही, वास काढत होती पोरगी, बाकीची नुसती शेपट्या बघून धावत होती. मी म्हटलं, हे मला दिसलंच होतं. मला दिसलं नव्हतं. पण पटलं. चौदावी येऊनही टोळी लीड करता येते. शब्दकोशात ‘पुढे’ लिहिलं आहे, ‘आधी पोचणे’ लिहिलेलं नाही.

शनिवार, ३ मे

नववी.

न्हाव्याकडच्या मासिकात वाचलं की लांडग्यांचा म्होरक्या टोळीच्या सगळ्यांत मागून चालतो. तिथून त्याला सगळे दिसतात. हे जॉसला सांगितलं. तो म्हणाला, मग टॅन्सीच्या मागे चौदा म्होरके आहेत.

जॉस पूर्वी असं बोलत नसे.

बुधवार, २१ मे

खुराक लागू पडतो आहे. वाडगा रोज चाटूनपुसून साफ. कोंबड्याही यंदा भरपूर अंडी देतात, त्यांची पिसं कशी तुकतुकीत झाली आहेत. घरात चांगलं वातावरण असलं की सगळ्यांवर परिणाम होतो.

शनिवार, ३१ मे

तिसरी. झेंडा लावायला खांब कुठे मिळेल याची चौकशी केली.

शनिवार, १४ जून. दुपारी ४.

पहिली.

कुरणाच्या दगडी भिंतीवरून आधी तिचं डोकं दिसलं, मग ती हवेत, मग गवतात, आणि मागे कुणीच नाही. मी आयुष्यात इतकं मोठ्याने ओरडलो नव्हतो. डोरीनची शीळ माझ्या कानाशीच. टॅन्सी तीरासारखी दोरी ओलांडून आमच्या दोघांच्या मधे आली आणि डोरीनच्या अंगावर उडी मारून तिला चिखलात पाडलं. वाडगा माझ्या हातात होता, पण घाईत तिला दिसला नसेल.

डोरीन चिखलात बसून हसत होती. तिला असं हसताना पाहून किती वर्षं झाली ते आठवेना. जॉसने हात देऊन उठवलं. माझ्या हातात वाडगा होता.

आता अर्थाबद्दल घोळ नको. टोळीच्या पुढे म्हणजे पहिला. दुसरा, तिसरा किंवा मागून चालणारे लांडगे यात येत नाहीत.

शुक्रवार, २० जून

‘डेल मेसेंजर’ आला. तिसऱ्या पानावर, फोटोसकट. मथळा मला हवा तोच. खाली लिहिलं आहे: श्रीमती डोरीन बर्केट यांची टॅन्सी. पुढच्या वाक्यात: दरीतल्या हाउंडवाल्यांत सध्या श्रीमती बर्केट याच लीडिंग द पॅक आहेत. सगळ्यात शेवटी: वाडगा त्यांचे पती धरतात.

मला नावसुद्धा नाही.

डोरीनला विचारलं. ती म्हणाली, फॉर्मवर मालकाच्या जागी माझंच नाव आहे. तू म्हणालास भरून टाक, मी भरला. रोज तिला नेते मी, खायला घालते मी, मग मला वाटलं.

मी विचारलं, काय वाटलं.

ती वाटाणे सोलत बसली.

ही कारकुनी चूक आहे. दुरुस्त होईल. पण आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर आणि आपल्याच पेनने हे झालं.

मंगळवार, २४ जून

संपादकांना पत्र लिहिलं, चार पानी. मुद्दा एवढाच की हा शब्दप्रयोग जो स्पर्धेत उतरतो त्याच्यासाठी आहे. कुत्र्याला फिरायला नेणाऱ्या व्यक्तीसाठी तो वापरता येत नाही. घोडा जिंकला म्हणून आपण खरारा करणाऱ्याला विजेता म्हणत नाही. ज्याच्या मनात आधी कल्पना आली, तो पुढे. शब्दकोशाचा पान क्रमांकही दिला.

शुक्रवार, ४ जुलै

पत्र छापलं. ‘वाचकांचा विरंगुळा’ या सदरात. एका बाईंच्या नासपतीचा आकार बिशपच्या चेहऱ्यासारखा होता, त्या पत्राच्या खाली.

गुरुवार, १७ जुलै

टॅन्सी सलग तीनदा पहिली. आज ‘मेसेंजर’च्या मिस पॅटिन्सन घरी आल्या. पंचविशीतली मुलगी, बुटांना चिखल. मी कोट घातला होता आणि उत्तरं लिहून ठेवली होती.

सुरुवातीलाच त्यांना म्हटलं, तुमचं वृत्तपत्र तो शब्दप्रयोग जरा सैल वापरतं. त्या म्हणाल्या, हो, आम्ही तुमचं पत्र ऑफिसात मोठ्याने वाचलं. मला बरं वाटलं. मग त्या डोरीनकडे वळल्या आणि पाऊण तास तिकडेच राहिल्या.

डोरीनने जे सांगितलं ते मी याआधी ऐकलेलं नव्हतं. म्हणजे अकराव्या वर्षापासून बापाचे हाउंड तीच फिरवत होती. चौदाव्या वर्षी तिने घडवलेली एक कुत्री सगळा हंगाम जिंकली, तेव्हा कप घ्यायला भावाला पुढे पाठवलं, कारण मुलींना व्यासपीठावर बोलवत नसत. बाप गेल्यावर सगळे हाउंड भावाला मिळाले. त्याने वर्षभरात विकले. ती म्हणाली, मी त्या दिवशी स्वयंपाकघरातच थांबले होते, बाहेर गेले असते तर रडले असते.

मिस पॅटिन्सन यांनी लिहिणं थांबवलं होतं.

त्या गेल्यावर डोरीनला म्हटलं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. ती म्हणाली, लग्नाआधी ओढ्याच्या पुलावर सांगितलं होतं. तू त्या पुलाच्या कठड्याबद्दल बोलायला लागलास.

कठडा खरंच कमकुवत होता. पुढे मीच तो बदलून घेतला.

शनिवार, २६ जुलै

पहिली. हंगामाच्या एकूण गुणांमध्येही सगळ्यांत पुढे. लोक डोरीनशी हस्तांदोलन करतात. मी शेजारी उभा राहून त्यांना डावा हात देतो, उजव्यात वाडगा असतो.

सोमवार, ११ ऑगस्ट

घड्याळामागचा कागद जागेवर आहे, पण घडी उलटी. कुणीतरी काढून पाहिला. घरात येणारा परका माणूस एकच.

जॉस पुढल्या वर्षासाठी पिल्लू घ्यायचं म्हणतोय. दोनमध्ये दोन मिळवायला मला दुर्बीण लागत नाही. तरी उद्या दुर्बीण घेऊन जाणार.

बुधवार, १३ ऑगस्ट. सकाळी ११.

हे लिहिणं भाग आहे.

सहाला मागच्या दाराने निघालो, मेंढ्यांच्या गोठ्यामागे दगडावर बसलो. काल दुर्बिणीत दव होतं, आज स्वच्छ दिसलं. डोरीन आणि जॉस वरच्या भिंतीला टेकून बसले होते. थर्मासमधला चहा एकाच झाकणातून. डोरीन काहीतरी सांगत होती, दोन्ही हात हलवून. घरी ती हात हलवत नाही. जॉस ऐकत होता. फक्त ऐकत होता, मधे बोलत नव्हता. मग तिने पिशवीतून डबा काढला आणि टॅन्सीला हाताने भरवलं. उकडलेलं मटण आणि भाकरीचे तुकडे. अंडी नाहीत. बेदाणे नाहीत.

ते खाली यायच्या आधी घरी पोचलो. मागच्या अंगणात पाहतो तर काल रात्रीचा माझा खुराक कोंबड्यांच्या पातेल्यात. कोंबडा बेदाणे वेचत होता आणि त्याला नीट उभं राहता येत नव्हतं.

डोरीन आल्यावर विचारलं. ती म्हणाली, मार्चमध्ये दोन दिवस दिला, तिला उलट्या झाल्या. फेकून द्यायचं जिवावर आलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तू फार आनंदात होतास, क्लेम.

जॉस दाराशीच उभा होता. त्यालाही माहीत होतं. मार्चपासून. तो म्हणाला, जाऊ दे रे, कुत्री धावतेय ना.

पंचावन्न वर्षांची मैत्री. आणि घडी उलटी कुणी केली हे त्याने अजून कबूल केलेलं नाही. डोरीन म्हणते, घड्याळ पुसताना तिने केली. ती त्याला पाठीशी घालते आहे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

उद्या हंगामाची मोठी ट्रेल. टॅन्सी जिंकली तर हंगामाचं अजिंक्यपद तिचं, मग पुढच्या तीन छोट्या ट्रेल हरली तरी चालेल.

महिनाभर विचार केला. सूड हा माझा स्वभाव नाही. मी फक्त गोष्टी जागच्या जागी ठेवणार आहे. उद्या दोरीमागे मी एकटा उभा राहणार. डोरीनला जेवताना सांगितलं, तू वर रस्त्यावर गाडीपाशी थांबायचं, शीळ वाजवायची नाही, हाक मारायची नाही, काहीही झालं तरी. सगळ्यांना कळू दे टॅन्सी कुणाची आहे.

तिने ताटं गोळा केली. मग म्हणाली, तिला बावचळल्यासारखं होईल. मी म्हटलं, तिला माझा चेहरा माहीत आहे. ती म्हणाली, नक्की ना, क्लेम. मी म्हटलं, नक्की. ती म्हणाली, बरं.

टपालाने मागवलेली पितळी शिट्टी चकचकीत करून ठेवली. टाय निळा.

शनिवार, २० सप्टेंबर

आज काही लिहिणार नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

लिहितो. जसं झालं तसं.

एकोणतीस हाउंड. सगळी दरी लोटली होती. साडेतीनला कुणीतरी ओरडलं, आली. समोरच्या डोंगराच्या कडेला एकच पांढरा ठिपका, आणि त्याच्यामागे खूप मागे बाकीच्यांची माळ. शेजारचा म्हणाला, दोनशे पावलं पुढे आहे, उलटी चालली तरी जिंकते. मी टाय सरळ केला.

टॅन्सीने शेवटची भिंत ओलांडली. मी शिट्टी वाजवली.

ती थांबली.

मी पुन्हा वाजवली. हाक मारली. वाडगा हलवला. ती कुरणाच्या मध्यावर, दोरीपासून साठ पावलांवर, एक पाय उचलून उभी. माझ्याकडे बघितलं. मला अगदी नीट बघितलं, यात शंका नाही. मग शेजारच्याकडे, त्याच्या शेजारच्याकडे, अशी एकेका माणसावरून नजर फिरवत ती सगळी रांग पाहून आली. शोधत होती. लोक तिला बोलवायला लागले, ज्यांची कुत्री मागे होती तेसुद्धा. कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

मी वर रस्त्याकडे पाहिलं. डोरीन गाडीपाशी उभी होती. दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबलेले.

मी हात वर केला. म्हणजे बोलाव असं म्हणायचं होतं. लांबून ते थांब असंही दिसलं असेल.

भिंतीवरून दुसरी हाउंड आली, मग तिसरी, मग सगळी. टॅन्सीच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी निघून गेली. तिने वळूनही पाहिलं नाही. नाक वर करून हवेत वास घेतला, आणि कुरण आडवं कापून, बाजूची भिंत ओलांडून, रस्त्याकडे धावत सुटली. ती त्या दिवशीची तिची सगळ्यांत वेगवान धाव होती, असं जॉस नंतर म्हणाला.

बाद.

घरी परतताना मागच्या सीटवर टॅन्सी डोरीनच्या मांडीवर. आज सकाळी मी विचारलं, तू शीळ का नाही वाजवलीस. एकदा वाजवली असतीस तर. जॉससुद्धा तुझ्या शेजारी उभा राहून बोलाव बोलाव म्हणत होता, त्यानेच मला सांगितलं. सगळी दरी बघत असताना तू मला तसं उभं राहू दिलंस.

ती म्हणाली, तू सांगितलं होतंस गप्प राहा, काहीही झालं तरी.

मी म्हटलं, सांगितलं म्हणून काय झालं.

ती म्हणाली, एकतीस वर्षं तू सांगतोस आणि मी गप्प राहते, क्लेम. मग तुझं काम मी मागच्या दाराने करून टाकते आणि तुला ते तुझंच वाटतं. काल हात तोंडापर्यंत गेला होता माझा. बोटं तोंडात होती. मग वाटलं, एकदा तरी याने सांगितलं तेवढंच करून बघावं.

ती रडत होती. कुत्रीसाठी, ती म्हणाली. कुत्रीचा काही दोष नव्हता.

मी बागेत गेलो. जॉसला कुंपणावरून म्हटलं, तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत. तो म्हणाला, हो, थोडं फसवलं. पण तू जिंकावंस म्हणून.

हे वाक्य मला सोडत नाही. राग धरायला त्यात कुठे हात घालायचा ते सापडत नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

‘लीडिंग द पॅक’वर दुसरं पत्र लिहायला घेतलं. पहिलं वाक्य: पुढे असणे म्हणजे आपल्यामागे कोणीतरी आहे अशी खात्री असणे. दुसरं वाक्य सुचलं नाही. चुलीत टाकलं.

रविवार, २८ सप्टेंबर

डोरीनने जेवताना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. टॅन्सीला आता जॉसच्या गोठ्यात ठेवणार, तिथे जागा मोठी आहे. जॉस दोन पिल्लं आणतोय, ती तिघांना मिळून तयार करणार. सकाळी पाचला जाईल, दुपारी येईल. नाश्ता झाकून ठेवलेला असेल. शर्यतीच्या फळ्यावर मालकांचं नाव ‘बर्केट आणि फ्लेमिंग’ असं लागणार आहे.

मी म्हटलं, बर्केट आधी आहे हे चांगलं झालं.

ती म्हणाली, तो बर्केट मी आहे.

मी विचारलं, मी काय करू. खरंच विचारलं, भांडायला नाही. तिने काटा खाली ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, तुला काय आवडतं, क्लेम. मी विचार केला. अजून करतो आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.

हंगामाची शेवटची ट्रेल. जायचं नाही असं ठरवलं होतं. अडीचला गेलो.

दोरीपाशी गेलो नाही. वर रस्त्यावर, गाड्यांच्या मागे, जिथे बाहेरगावचे लोक थांबतात, तिथे थांबलो. टोपी खाली ओढली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. इथून कुरण लहान दिसतं आणि माणसं ओळखू येत नाहीत, फक्त डोरीनचा लाल स्कार्फ ओळखू आला.

शेजारी एक माणूस होता, दक्षिणेकडचा, नवा कोरा रेनकोट. सोबत बायको आणि सँडविच. त्याने विचारलं, कोण पुढे आहे. मी बघून सांगितलं, ती पांढरी, पाठीवर डाग असलेली. तो म्हणाला, सगळ्यांना फारच मागे टाकलंय हो. मी म्हटलं, हो.

भिंत. हवेत. गवतात. खालून शीळ ऐकू आली, एकच, लांब. मी इतक्या दुरून ती कधी ऐकली नव्हती. शेजारी उभं राहिलं की ती कानात टोचते. लांबून ती वेगळीच वाटते, ऐकणाऱ्याला नीट बोलावते. माझा स्वतःचा एक पाय पुढे पडला.

टॅन्सीने दोरी ओलांडली. लाल स्कार्फ जमिनीवर कोसळला आणि टाळ्या झाल्या.

त्या माणसाच्या बायकोने विचारलं, कुणाची आहे हो ती हाउंड.

मी म्हटलं, मिसेस बर्केटची.

ती म्हणाली, काय बाई आहे. तुमच्या ओळखीची आहे का.

मी म्हटलं, तोंडओळख आहे.